वर्गणी, कर आणि कला : शेंदूरजनाघाटच्या निमित्ताने

१

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) भारतीय राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय तीत नोंदलेले आहेत. बाराव्या क्रमांकावर उद्याने, बागा व क्रीडांगणे आहेत, चौदाव्यावर दफनभूमी व स्मशाने. या दोहोंच्या मध्ये, तेराव्या क्रमांकावर, सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा विषय येतो. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम त्यांच्या कर्तव्यांची अनिवार्य आणि ऐच्छिक अशी विभागणी करतो. पाणी, दिवाबत्ती, सफाई ही अनिवार्य कर्तव्ये. कलेला दिला जाणारा आधार प्रत्यक्षात ऐच्छिकाच्या रकान्यात पडतो. घटनेने ज्याला विषय म्हणून मान्यता दिली, त्याला अंदाजपत्रकात मर्जीचे स्थान मिळते. ही विसंगती कायद्याच्या मसुद्यापुरती आहे असे समजून सोडून देता येत नाही. समूहाच्या पैशाचे समूहाच्या कलेशी नाते काय असावे, याविषयी आपल्या सांस्कृतिक विचारात जी संदिग्धता आहे, तिचेच ते प्रतिबिंब आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा शेंदूरजनाघाटसारखे गाव अधिक उपयोगी ठरते. अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेले हे संत्र्यांच्या बागांचे आणि कलमांचे गाव. त्याला स्वतःची नगरपरिषद आहे; पण जीवनाची घडण बरीचशी शेतीगावाचीच आहे. महानगरात कर देणारा, निधी वाटणारा, कला सादर करणारा आणि ती ऐकणारा हे चौघे सहसा परस्परांना अनोळखी असतात. लहान नगरपरिषदेच्या गावात ते एकाच गल्लीत राहतात. पुष्कळदा एकाच माणसात दोन-तीन भूमिका एकवटतात. त्यामुळे महानगरात जो प्रश्न धोरणाचा वाटतो, तो येथे नैतिक प्रश्न म्हणून उघडा पडतो.

समुदायाची कला हा शब्दप्रयोग येथे एका मर्यादित अर्थाने केला आहे. खंजेरीवरचे भजन, दंडार, पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, वस्तीतले भीमगीत, गावातल्या तरुणांनी बसवलेले नाटक या सर्वांत एक गोष्ट समान आहे : सादर करणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर तात्पुरते असते. प्रयोग संपला की दोघे पुन्हा शेजारी होतात. अशा कलेला सार्वजनिक निधीतून आधार द्यावा काय, आणि द्यावा तर कोणत्या नात्याने, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

मराठी कलाविचारात आश्रयाची चर्चा बहुधा राजाश्रय आणि लोकाश्रय या जोडीच्या आधारे होते. राजाश्रयात कलावंत मिंधा होतो, लोकाश्रयात तो स्वतंत्र राहतो, असे या जोडीमागचे गृहीतक असते. नगरपरिषदेचा निधी मात्र या जोडीत नीट बसत नाही. तो राजाचा नाही, कारण तो निवडून दिलेल्या माणसांच्या हातात आहे. तो सरळ लोकांचाही नाही, कारण लोकांनी तो कलेसाठी म्हणून दिलेला नाही. घरपट्टीच्या आणि पाणीपट्टीच्या पावतीवर भजनाचा उल्लेख नसतो. शिवाय लहान नगरपरिषदांचा मोठा भाग शासकीय अनुदानावर चालतो. म्हणजे जो पैसा गावाच्या सभेत गावाचा म्हणून वाटला जातो, त्यातला बराचसा गावाबाहेरून आलेला असतो.

लोकाश्रयाचे जे रूप गावाला खरोखर परिचित आहे, ते वर्गणीचे. वर्गणी ही नुसती रक्कम नसते. मागणारा दारात येतो, देणारा त्याला ओळखतो, आकडा वहीत चढतो आणि इतरांच्या आकड्यांशेजारी बसतो. देणारा नंतर कार्यक्रमाला येतो आणि पेटी बेसूर लागली तर बोलूनही दाखवतो. वर्गणी देणाऱ्याला श्रोतेपणाचा अधिकार देते आणि घेणाऱ्याला जबाबदारी. ज्या वर्षी संत्र्याचा बहार फसतो किंवा भाव पडतो, त्या वर्षी वर्गणीही आटते. गावाच्या सुखदुःखाशी असे बांधलेले असणे हाही तिच्या नैतिक मूल्याचाच भाग आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आणि गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे दोघेही अमरावती जिल्ह्यात जन्मलेले. एकाचे भजन आणि दुसऱ्याचे कीर्तन याच लोकाश्रयाच्या भूमीवर उभे राहिले. गाडगेबाबांनी लोकांकडून मिळालेल्या पैशातून धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी काही ठेवले नाही. तुकडोजींच्या भजनाचा आवाज १९४२ च्या आंदोलनात परकीय सत्तेला इतका झोंबला, की त्यांना तुरुंगात जावे लागले. वऱ्हाडातील सामुदायिक कलेच्या स्मृतीत ही दोन उदाहरणे खोल रुजलेली आहेत. सरकारी मदतीविषयी येथील जाणत्या भजनकऱ्याच्या मनात जो संकोच असतो, तो अज्ञानातून आलेला नसतो. सत्तेकडून काही न घेणारा आवाजच सत्तेला ऐकू जाईल असे बोलू शकतो, हा अनुभव त्याच्यामागे असतो.

३

तथापि वर्गणीचे हे चित्र अपुरे आहे. वर्गणी कोणाकडे मागितली जाते आणि कोणासाठी, हा प्रश्न विचारला की तिच्या जिव्हाळ्याची दुसरी बाजू दिसू लागते.

भुलाबाईचे उदाहरण घ्यावे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भातल्या घराघरांत मुली भुलाबाई-भुलोजी मांडतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. महिनाभर चालणारा हा सामूहिक आविष्कार. त्याची स्वतःची संहिता आहे आणि पिढ्यापिढ्यांतून झालेले तिचे पाठभेद आहेत. पण या कलेसाठी गावातून वर्गणी गोळा झाल्याचे क्वचितच ऐकिवात येईल. तिचा खर्च घरातच जिरतो, तिचे श्रम घरकामात मोजले जातात. वर्गणीची वही ज्यांच्या हातात असते, ते तिला कला म्हणून नव्हे, मुलींचा खेळ म्हणून ओळखतात. म्हणजे जिला लोकाश्रय म्हणतात, ती कित्येकदा गावातल्या बोलक्या पुरुषांची संमती असते.

याहून कठोर उदाहरण जातीचे आहे. गावगाड्यात काही जातींच्या वाट्याला वाजवण्याचे काम आले होते. त्याचा मोबदला बलुत्याच्या किंवा हक्काच्या रूपाने मिळे. पण त्या हक्काला नकाराचा अधिकार जोडलेला नव्हता. लग्न कोणाचे, देव कोणाचा, मिरवणूक कोणाची हे वाजवणाऱ्याने विचारायचे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भातील गावोगावच्या महारांनी परंपरेने लादलेली कामे नाकारली. त्या कामांत सणासमारंभाला वाजवण्याचे कामही कित्येक ठिकाणी होते. एका दृष्टीने पाहता तेथे एक कला खंडित झाली. दुसऱ्या, अधिक खऱ्या दृष्टीने पाहता तेथे एक माणूस मोकळा झाला आणि त्याने नव्या कलेला जन्म दिला. आंबेडकरी जलशांची परंपरा धर्मांतराच्या आधीपासून चालत आलेली होती. नंतर भीमगीतांचा प्रवाह विस्तारला आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे कवी-गायक गावोगाव फिरले. ही कला गावच्या वर्गणीवर जगली नाही. ती वस्तीच्या, म्हणजे गावच्या वहीत ज्यांची नावे नव्हती त्यांच्या, तुटपुंज्या पैशावर जगली.

ही दोन उदाहरणे समोर ठेवली की 'लोककलांचे जतन' हा शब्दप्रयोग सावधपणे वापरावा लागतो. जतन म्हणजे कोणाचे काय राखणे? एखाद्या वाजंत्र्याच्या मुलाने बापाचे वाद्य खाली ठेवले असेल, तर ते त्याला पुन्हा उचलायला लावणारे अनुदान हे कलेवरचे प्रेम असेलही, पण माणसावरचा अन्याय ठरू शकते. जुन्या व्यवस्थेने जे सक्तीने करवून घेतले, ते नव्या व्यवस्थेने पैशाच्या आमिषाने करवून घेणे यांत फरक आहे. मात्र तो वाटतो तेवढा मोठा नाही.

४

वर्गणीच्या या मर्यादा ओळखल्यावर कराचा विचार वेगळ्या प्रकाशात येतो. कर सक्तीचा असतो आणि वर्गणी ऐच्छिक, म्हणून वर्गणी नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ, असे साधारणतः मानले जाते. वऱ्हाडात कलेची करव्यवस्थेशी पहिली गाठ आधाराच्या नव्हे, आकारणीच्या रूपाने पडली. मध्य प्रांत व वऱ्हाडात करमणूक शुल्काचा कायदा १९३६ चा; त्यात खेळ म्हणजे शुल्काचा विषय होता. पुढे वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने झालेल्या घटनादुरुस्तीने (२०१६) राज्यसूचीतील करमणुकीवरील कराची नोंद बदलली आणि तो कर फक्त स्थानिक संस्थांनी आकारून वसूल करण्यापुरता उरला. म्हणजे संस्कृतीचे संवर्धन करावे असे ज्या संस्थेला सांगितले आहे, तिच्याचकडे करमणुकीवर कर बसवण्याची शक्यताही सोपवली गेली आहे.

कराच्या पैशातून कलेला आधार देण्यावर उदारमतवादी विचारात गंभीर आक्षेप आहेत. जॉन रॉल्सने 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१) या ग्रंथात असे मांडले, की काही जीवनपद्धती वा काही कला स्वभावतः श्रेष्ठ आहेत या आधारावर राज्याने नागरिकांवर कर लादणे न्याय्य नाही. नागरिकांनी जवळपास एकमताने तसे ठरवले आणि खर्चाचा वाटा परस्परांत मान्य केला, तरच ते क्षम्य ठरते. याला दुसऱ्या बाजूने उत्तर देताना रोनाल्ड ड्वॉर्किनने 'अ मॅटर ऑफ प्रिन्सिपल' (१९८५) मधील निबंधात श्रेष्ठतेचा मुद्दाच बाजूला ठेवला. राज्याने अमुक एक कलाकृती चांगली म्हणून आधार द्यायचा नसून, ज्या सांस्कृतिक संरचनेतून नाना प्रकारच्या कलाकृती शक्य होतात ती पुढच्या पिढीसाठी समृद्ध ठेवायची आहे, असे त्याचे म्हणणे. भाषेप्रमाणे ही संरचनाही आपल्याला वारशाने मिळाली. ती दरिद्री करून पुढे देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ड्वॉर्किनचा युक्तिवाद वऱ्हाडी बोली आणि तिच्यातल्या झडत्या-गाण्यांना सहज लागू पडतो. आंबिया आणि मृग हे नुसते दोन बहार नाहीत. त्यांच्याभोवती म्हणी, गाणी आणि टिंगलीच्या ओळी जमा झालेल्या असतात. ती भाषा गेली तर पुढची काही कलाच अशक्य होईल. परंतु वरील विवेचनानंतर या युक्तिवादाचे उणेपणही दिसते. वारसा हा शब्द वापरताना ड्वॉर्किन गृहीत धरतो, की वारशात मिळते ती संपत्ती. ज्याच्या वाट्याला वारशात ओझे आले, त्याच्या दृष्टीने संरचना समृद्ध ठेवणे म्हणजे ओझे समृद्ध ठेवणे होय. रॉल्सच्या एकमताच्या अटीलाही गावपातळीवर असाच अडथळा येतो. गावात एकमत लवकर होते, पण कोण गप्प बसले म्हणून ते झाले हे इतिवृत्तात लिहिलेले नसते.

येथे कराच्या बाजूने असे काही म्हणता येते, जे या दोन्ही विचारवंतांच्या मांडणीत नाही. वर्गणी मंडळाच्या माणसांची असते. कर सर्वांचा असतो. ज्यांनी वर्गणी दिली नाही, ज्यांच्याकडे ती मागितलीच गेली नाही, ज्यांची कला वर्गणीच्या वहीपर्यंत पोचली नाही, त्यांचाही पैसा करात आहे. म्हणून कराच्या पैशावर त्यांचा दावा आपोआप निर्माण होतो. कराच्या निर्विकारपणाला आपण कोरडेपणा म्हणतो; पण ज्याला गावाच्या जिव्हाळ्याने बाहेर ठेवले, त्याला हाच कोरडेपणा प्रतिष्ठा देतो. वर्गणी त्याला उपकार म्हणून काही देईल. कराच्या पैशातून त्याला मिळेल ते त्याचेच असेल.

५

दावा मान्य केला तरी सत्तेच्या पैशाने कलेचा आवाज बदलतो, ही भजनकऱ्याची शंका उरतेच. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये कलाविचाराच्या दोन ध्रुवांची मांडणी केली : एक कलेला स्वायत्त मानणारा, दुसरा तिला लौकिक जीवनाच्या व्यवहारात ठेवणारा. समुदायाची कला बहुतांशी दुसऱ्या ध्रुवाजवळ राहते. तिने काही सांगावे, काही शिकवावे, कोणाची तरी खोड मोडावी ही अपेक्षा तिच्या श्रोत्यांनीच केलेली असते. शासनाला नेमके हेच सोयीचे वाटते. स्वातंत्र्योत्तर काळात कलापथकांकडून कुटुंबनियोजन, दारूबंदी, स्वच्छता अशा विषयांवर प्रयोग करवून घेण्याची पद्धत रूढ झाली. २०००-०१ मध्ये महाराष्ट्रात गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ज्या कीर्तनकाराने गावात आल्यावर आधी झाडू हातात घेतला आणि मग लोकांना प्रश्न विचारले, त्याचे नाव शासकीय मोहिमेला मिळाले. मोहीम उपयुक्त होती, यात वाद नाही. परंतु कीर्तनात स्वच्छता हा श्रोत्याला विचारलेला प्रश्न होता. मोहिमेच्या गाण्यात ती सूचना होते. आशय तोच राहून उच्चाराची जात बदलते, आणि साहित्यविचाराला हा फरक गौण मानता येणार नाही.

या दृष्टीने पोळ्याच्या झडत्या हा कसोटीचा प्रकार आहे. तोरणाखाली बैल उभे राहिल्यावर म्हटल्या जाणाऱ्या या ओळींत महादेवाला हाक असते आणि त्याच दमात सावकाराची, व्यापाऱ्याची, पुढाऱ्याची खिल्लीही असते. आता असे समजू, की एखाद्या नगरपरिषदेने पोळ्याच्या कार्यक्रमाला निधी दिला. मंडप, ध्वनिक्षेपक आणि बक्षिसे तिची आहेत. अध्यक्ष व्यासपीठावर बसले आहेत. त्या वर्षी नळाला पाणी आठवड्यातून दोनदाच आले आहे. झडती म्हणणारा ती ओळ म्हणेल काय? कदाचित म्हणेल. कोणी त्याला मना केलेले नसेल. पण बक्षिसाची रक्कम आणि व्यासपीठावरची माणसे पाहून तो स्वतःच दुसरी ओळ निवडण्याची शक्यता आहे. सेन्सॉरशिपची चर्चा आपल्याकडे बंदीभोवती फिरते. समुदायाच्या कलेला बंदीपेक्षा संकोचाचे भय अधिक, कारण संकोचाची कोठेच नोंद होत नाही.

ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या आर्ट्स कौन्सिलच्या मागे, तिचे शिल्पकार केन्स यांच्या भूमिकेला अनुसरून, एक तत्त्व होते : पैसा शासनाचा, पण निवड शासनापासून अंतर राखणाऱ्या स्वतंत्र मंडळाची. राजधानीत हे अंतर निर्माण करता येते. शेंदूरजनाघाटच्या आकाराच्या गावात ते कोठून आणायचे? निवड समितीत जो बसेल, त्याचा चुलत भाऊ भजनी मंडळात असेल आणि त्याचे शेत दंडारवाल्याच्या शेताला लागून असेल. तेथे तटस्थ मंडळ नेमले तरी ते नावापुरतेच राहील. अंतर निर्माण करता येत नसेल, तर उघडेपणा तरी निर्माण करता येतो. कोणी मागितले, कोणाला किती मिळाले, कोणाला का मिळाले नाही, हे वर्गणीच्या वहीसारखे सर्वांना वाचता येणे ही वर्गणीकडून कराने घ्यावी अशी गोष्ट आहे.

६

यावर असा मार्ग सुचवला जातो, की नगरपरिषदेने कार्यक्रमांना पैसा देऊच नये. सभागृह, मैदान, वीज, तालमीची खोली एवढेच द्यावे. आशय निवडण्याचा प्रश्नच मग उरणार नाही. हा मार्ग तुलनेने निर्दोष आहे. पण तो तटस्थ आहे असे मानणे चूक होईल. सभागृह बांधले की ते नाटकाला आणि सत्कारसमारंभाला सोयीचे होते. दंडारीला मोकळी जागा लागते, भुलाबाईला अंगण. जागेच्या रूपात कलेची व्याख्याच आधी ठरून जाते. बायका रात्री उशिरापर्यंत थांबू शकतील असा रस्त्यावरचा दिवा आणि स्वच्छतागृह या गोष्टी कोणी कलेच्या खर्चात धरत नाही. वास्तविक कित्येकींच्या बाबतीत त्यांच्यामुळेच सहभाग शक्य होतो किंवा अशक्य होतो. अनिवार्य आणि ऐच्छिक यांच्यातली कायद्याने घातलेली भिंत येथे आपोआप ढासळते. दिवाबत्ती अनिवार्य आहे, आणि तीच कलेचा पहिला आधार आहे.

दुसरा आक्षेप झाडीपट्टीचे उदाहरण पुढे करतो. पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंज हे केंद्र मानून हिवाळ्याच्या हंगामात नाटकांचा प्रचंड व्यवहार चालतो. तो तिकिटावर उभा आहे. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण रंगभूमी त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःच्या पायावर चालत होती. मग वऱ्हाडाला निधी कशाला हवा, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर असे, की तिकीटबारी ही व्यावसायिक प्रयोगाला आधार देते आणि झाडीपट्टीने तो व्यवसाय घडवला हे तिचे कर्तृत्व आहे. परंतु तिकीट लावून भुलाबाई म्हणता येत नाही, झडतीही नाही. ज्या कलेत ऐकणारा पुढच्या क्षणी म्हणणारा होतो, तिच्यात तिकीट कोणी कोणाला द्यायचे? बाजाराने जे शक्य होते ते बाजाराने करावे; येथे प्रश्न उरलेल्याचा आहे.

७

निधीचे आणखी एक रूप व्यक्तीशी संबंधित आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासून चालत आलेली. तिच्यात दीर्घकाळ राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक पातळीवरचे कलावंत अशी श्रेणी होती आणि श्रेणीप्रमाणे रक्कम वेगळी होती. २०२४ मध्ये ही वर्गवारी सोडून सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. रकमेतल्या वाढीपेक्षा वर्गवारी जाण्याला अधिक तात्त्विक अर्थ आहे. दंडारीत आयुष्य घालवलेल्या माणसाची कीर्ती पंचक्रोशीपलीकडे गेली नाही, याचे कारण त्याची कला लहान होती हे नसून, ती पंचक्रोशीसाठीच होती हे आहे. प्रसिद्धीच्या परिघाने कलेची उंची मोजण्याची चूक त्या वर्गवारीत होती.

तरीही एक अडचण उरते. कलावंत असल्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्रे, कार्यक्रमांची पत्रे, कात्रणे जोडावी लागतात. ज्या बाईला गावातली प्रत्येक मुलगी 'गाणी सांगणारी' म्हणून ओळखते, तिच्याकडे यातले काहीच नसते. तिची साक्ष गाव आहे. पण गावाची साक्ष कागदावर उतरत नाही. या ठिकाणी स्थानिक संस्थेचे काम पैसा देण्याच्या आधीचे आहे. आपल्या हद्दीत कोण काय गाते, कोण कोणाकडून शिकले, कोणाचा पाठ कसा वेगळा आहे, याची नोंद ठेवणे हे कोणत्याही अनुदानापेक्षा स्वस्त आणि अधिक टिकाऊ आहे. साहित्याच्या अभ्यासकालाही येथे वाटा उचलावा लागेल. लोकसाहित्याचे संकलन म्हणजे विद्यापीठाच्या कपाटासाठी सामग्री गोळा करणे, असे समजून तो गावात जाणार असेल, तर गावाने त्याला विचारले पाहिजे, की नोंद झाल्यावर आमच्याकडे काय राहील?

शेंदूरजनाघाटसारख्या गावाच्या बाबतीत ही नोंद हद्दीचा प्रश्नही उभा करते. सीमेपलीकडे पांढुर्णा-मुलताईच्या बाजूला मराठी बोलणारी गावे आहेत. भाषिक राज्यरचनेने १९५६ मध्ये हा प्रदेश विभागला, तोवर अमरावती आणि बैतूल-छिंदवाडा एकाच मध्य प्रदेशात होते. लेकी सीमेच्या अलीकडून पलीकडे जातात आणि गाणी त्यांच्यासोबत जातात. अनुदान मात्र हद्दीवर थांबते. हे अटळ आहे, कारण कर हद्दीतलाच असतो. पण यावरून एवढे लक्षात घ्यावे, की निधीची भूमी आणि कलेची भूमी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आपण पोसतो ती आपली कला, असे नगरपरिषदेला म्हणता येणार नाही.

८

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. समुदायाच्या कलेला सार्वजनिक निधी द्यावा, याचे समर्थन कलेच्या श्रेष्ठत्वावर उभे राहत नाही, आणि केवळ वारशाच्या कल्पनेवरही नाही. ते एका साध्या गोष्टीवर उभे राहते. एकत्र राहणाऱ्या माणसांना एकमेकांसमोर बोलता-गाता येणे आणि ते ऐकले जाणे हा त्यांच्या एकत्र राहण्याचाच भाग आहे. वर्गणीने तो भाग काहींना दिला, काहींना नाकारला. कर सर्वांचा असल्यामुळे नाकारलेल्यांची बाकी फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. या अर्थाने असा निधी दान नाही आणि बक्षीसही नाही.

मात्र ही जबाबदारी पार पडली की नाही, हे किती कार्यक्रम झाले यावरून ठरणार नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतील. ज्याला निधी मिळाला, तो निधी देणाऱ्याची झडती म्हणू शकतो काय? ज्याने वाद्य खाली ठेवले, त्याला ते न उचलण्याचे स्वातंत्र्य तसेच राहिले काय? आणि ज्यांचे मंडळ नाही, पावतीपुस्तक नाही, मागण्याची सवयही नाही, त्यांच्यापर्यंत कोणी विचारायला गेले काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नगरपरिषदेच्या सहनशीलतेवर अवलंबून आहे, दुसऱ्याचे गावाच्या स्मरणशक्तीवर. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणत्याही दिवशी, अंदाजपत्रकाची वाट न पाहता देता येण्यासारखे आहे. त्यासाठी भाद्रपदाच्या एखाद्या संध्याकाळी, गाणी चालू असताना, कोणीतरी अंगणापर्यंत जाऊन उभे राहायला हवे.